चौकातला पडदा, पडद्यावरला देश

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी मोठा पडदा कायमचा उभा नसतो. तो बहुधा भाड्याने येतो. उन्हं कलायला लागली की चौकात एक टेम्पो येऊन थांबतो. त्यातून काळ्या पेट्या उतरतात, लोखंडी सांगाडा उतरतो, अजगरासारखी वेटोळी घातलेली केबल उतरते. पेटीवर पेटी चढत जाते. शाळा सुटलेली पोरं दप्तरासकट तिथंच रेंगाळतात. चहाच्या टपरीवरचा माणूस आपलं बाकडं चार हात मागे सरकवतो, कारण आज गिऱ्हाईक उठणार नाही हे त्याला ठाऊक असतं. पाहता पाहता दोन पुरुष उंचीची काळी भिंत उभी राहते. मागे जनरेटर घरघरू लागतो आणि भिंत एकदम लाल होते. मग हिरवी. मग निळी. मग डोळे दिपतील अशी पांढरी. जोडणारा कारागीर पेटी तपासून पाहत असतो, एवढाच त्याचा अर्थ. पण पोरं प्रत्येक रंगाला टाळ्या वाजवतात. पुढे होणाऱ्या कार्यक्रमाला मिळतील न मिळतील, या टाळ्या मात्र खऱ्या असतात.

मग त्या भिंतीवर काहीतरी सुरू होतं. कधी क्रिकेटचा अंतिम सामना, कधी दिल्लीतलं भाषण, कधी सरकारी योजनांचा चित्रपट, कधी एखादा सोहळा. विषय कोणताही असो, पडदा एवढा मोठा असला की त्यावर येणारी गोष्ट हळूहळू 'देश' होते. घरच्या टीव्हीवर दिसणारा खेळाडू हा खेळाडू असतो. चौकात पंधरा फूट उंच झालेला तोच खेळाडू भारत होतो. हे कसं होतं, आणि असं होताना चौकात उभ्या असलेल्या बोदवडकराचं काय होतं, हा प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाही.

आधी त्या निळ्या रंगाची थोडी हकिगत सांगायला हवी. या पडद्यात काच नाही, पडदाही नाही. हजारो बारीक दिवे ओळीने बसवलेले असतात. प्रत्येक ठिपक्यात एक लाल, एक हिरवा, एक निळा. यातला लाल दिवा १९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक यांनी तयार केला. हिरवाही पाठोपाठ आला. निळा मात्र तीस वर्षं कुणाच्या हाती लागेना. म्हणून तर दुकानांवर धावणाऱ्या अक्षरांच्या पाट्या एवढी वर्षं फक्त लाल होत्या. अखेर जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांच्या चिकाटीला यश आलं. १९९३ साली भरपूर उजेड देणारा निळा दिवा बाजारात आला, आणि २०१४ साली या कामाला भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. निळा नाही तर पांढराही नाही, कारण पांढरा हा तिघांच्या मिसळणीतून होतो. म्हणजे मौज अशी, की निळा सापडेपर्यंत या दिव्यांनी आपला तिरंगा काढणंच शक्य नव्हतं. मधला पट्टा पांढरा आणि त्यावरचं चक्र निळं!

आणखी एक गंमत. ठिपक्यांमधलं अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर लांब उभं राहावं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दहा मिलिमीटरचा पडदा असेल तर दहा मीटर लांब. त्याहून जवळ गेलात की चेहरा, झेंडा, नकाशा सगळं विरघळतं आणि नुसते ठिपके उरतात. सगळ्यात पुढे बसलेल्या पोरांना म्हणूनच सगळ्यात कमी दिसतं.

आमच्या पिढीचा चौकातला पडदा निराळा होता. गणेशोत्सवात दोन खांबांना बांधलेलं पांढरं कापड, रस्त्यात मधोमध मांडलेलं सोळा मिलिमीटरचं यंत्र, आणि रीळ बदलेपर्यंत चाललेला गोंगाट. हा पडदा दोन्ही बाजूंनी दिसायचा. उशिरा आलेले, आईने अभ्यासाला डांबून ठेवलेले, किंवा मुळात गर्दीत न मावणारे मागच्या बाजूला बसत. मागून सगळं उलटं दिसे. नायक डावखुरा, पाट्यांवरची अक्षरं आरशातली. सिनेमाच्या आधी एखादी सरकारी वार्ताचित्रफीत दाखवली आणि तीत भारताचा नकाशा आला, तर मागच्यांना मुंबई पूर्वेला दिसायची आणि कलकत्ता पश्चिमेला. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट्या नकाशातला देशही आपलाच होता.

त्याच कापडावर सरकारही यायचं. पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठी १९५३ साली केंद्र सरकारने जी यंत्रणा उभारली, तीच पुढे 'क्षेत्रीय प्रचार संचालनालय' म्हणून ओळखली गेली. तिच्या गाड्या यंत्र, पडदा आणि जनरेटर घेऊन खेडोपाडी फिरत. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट त्यात असत. भाक्रा नानगल, मलेरिया, दोन किंवा तीन मुलं पुरेत. आज या गोष्टीचं हसू येतं. पण खान्देशातल्या शेतकऱ्याने पंजाबातलं धरण पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा अशाच एखाद्या कापडावर. देश म्हणजे आपल्या तालुक्यापलीकडे नांदणारं काहीतरी, आणि त्यात आपलाही वाटा आहे, ही जाणीव अशा अंधाऱ्या मैदानांत तयार झाली. अंधार हा शब्द मुद्दाम वापरला. कापडाच्या पडद्याला अंधार लागायचा. सरकारलाही रात्र होईपर्यंत थांबावं लागायचं, आणि तोवर माणसं गाई-म्हशींचं उरकून, जेवून येत. आताचा पडदा भर दुपारच्या उन्हातही दिसतो. त्याला थांबायची गरज उरलेली नाही.

मधला काळ दूरदर्शनचा. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग दोन्ही एकदम आले. १९८४ साली देशात जवळजवळ रोज एक या वेगाने लहान प्रक्षेपण केंद्रं उघडली गेली. गल्लीत एकच संच, तोही खिडकीत तोंड बाहेर करून ठेवलेला, आणि अंगणात सगळी आळी, हे चित्र तेव्हा लहान गावांत ठिकठिकाणी होतं. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ देशभर एकाच तासाने मोजली जाऊ लागली. कुणी हात जोडत, कुणी संचाला हार घालत. तरी तो संच कुणाच्या तरी घरचा होता. मालकीणबाईंनी 'आता बास' म्हटलं की देश बंद व्हायचा. चौकातल्या पडद्याची मालकीणबाई कोण, हेच कळत नाही.

आता बोदवडचं स्वतःचं काय? भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं हे गाव. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या गाड्या, शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जाणारी माणसं, आणि उन्हाळा लागला की पाण्याची चर्चा. देशाच्या मोठ्या पडद्यावर येण्यासारखं इथे काय आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर तालुक्यातच आहे. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात १९ डिसेंबर १९३४ रोजी जन्मलेली मुलगी २५ जुलै २००७ रोजी भारताची राष्ट्रपती झाली. प्रतिभाताई पाटील. १९६२ साली त्या जळगावातून विधानसभेवर गेल्या आणि पुढे १९८५ पर्यंत एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या, आमदार राहिल्या. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, एक गोष्ट नाकारता येणार नाही. २००८ ते २०१२ अशी पाच वर्षं प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात रणगाडे, घोडदळ, विमानं ज्या व्यक्तीला मानवंदना देत होती, ती बोदवड तालुक्यात जन्मली होती आणि तिच्या डोक्यावर पदर होता. २५ नोव्हेंबर २००९ ला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केलं, तेव्हा वैमानिकाच्या पोशाखातलं त्यांचं छायाचित्र देशभर झळकलं. खान्देशातल्या किती आजीबाईंनी ते नातींना दाखवलं असेल, त्याची कुठे नोंद नाही.

राजपथावरचं ते दृश्य टीव्हीवर पाहताना या भागातल्या माणसाला जे वाटलं असेल, ते दुसऱ्या कुणाला वाटणं शक्य नव्हतं. कारण पडद्यावरचा देश आणि गाव यांच्यामध्ये एक ओळखीचा चेहरा उभा होता. 'आपल्या नाडगावच्या' या दोन शब्दांनी दिल्ली जवळ आली. राष्ट्रीय अस्मिता हा शब्द अलीकडे फार जड करून ठेवला आहे. मुळात ती अशीच, नात्यातून येते. अर्थात नात्याने पाणी येत नाही. बोदवडची टंचाई त्या पाच वर्षांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. पडद्यावर दिसणं आणि नळाला पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोदवडकरांना कुणी शिकवायला नको.

पडद्यासमोर देशासाठी उभं राहावं की बसावं, हा वादही आपल्याकडे जुनाच. १९६२ च्या युद्धानंतर चित्रपटगृहांत खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लावलं जाई. प्रेक्षक त्याआधीच दाराकडे पळत, म्हणून हळूहळू ती प्रथा मागे पडली. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाच्या आधी ते पुन्हा सुरू झालं. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या चित्रपटगृहांना त्याची सक्ती केली; पडद्यावर राष्ट्रध्वज दिसला पाहिजे, हेही सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत कुणी उभं राहिलं नाही म्हणून मारहाणीच्या बातम्या आल्या. ९ जानेवारी २०१८ ला न्यायालयानेच सक्ती मागे घेतली. या सगळ्या गदारोळात केंद्रीय गृहखात्याच्या जुन्या सूचनांमधला एक शहाणा भाग मात्र विसरला गेला. एखाद्या वार्तापटात किंवा माहितीपटात मध्येच राष्ट्रगीत आलं, तर प्रेक्षकांनी उभं राहण्याची अपेक्षा नाही, कारण त्याने राष्ट्रगीताची शान वाढण्याऐवजी गोंधळच होईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने कधीतरी गर्दीत बसून सिनेमा पाहिला असला पाहिजे.

चौकात तर पंचाईत आणखी मोठी. चित्रपटगृहात माणूस तिकीट काढून, ठरवून येतो. चौकातून तो नुसता जात असतो. हातात भाजीची पिशवी, सायकलला दुधाची कॅन, पाठीमागे दवाखान्यात न्यायचं मूल. भिंतीवर ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत सुरू झालं तर त्याने काय करावं? बहुतेक जण थांबतात. सहज, आपणहून थांबतात, आणि ते पाहायला छान वाटतं. पण एखादा थांबला नाही, तर त्याच्याकडे वळणाऱ्या नजरा मात्र पाहवत नाहीत. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येतल्या सोहळ्याचं थेट प्रक्षेपण देशभर गावोगावच्या पडद्यांवर झालं. लाखो घरांत दिवे लागले, माणसांचे डोळे भरून आले. तो आनंद खरा होता. पण चौक हा चौक असतो. त्यात मंदिरात जाणारा आहे, मशिदीत जाणारा आहे, विहारात जाणारा आहे, आणि कुठेच न जाणाराही आहे. घरातला आनंद आणि चौकातला आनंद यांत फरक असतो, तो एवढाच की घरात दार लावून घेता येतं. पडदा जेव्हा भर रस्त्यात 'आपण' म्हणतो, तेव्हा त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे, हे सगळ्यात आधी कडेला उभ्या असलेल्या माणसाला कळतं.

उलट, २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. शाळांत, महाविद्यालयांत, चौकांत लोक पडद्यांपुढे जमले होते. आणि दिसत काय होतं? एक आलेख! त्यावरून सरकत जाणारा एक ठिपका, उंचीचे आणि वेगाचे झरझर उतरणारे आकडे, आणि बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात खुर्च्यांवर सरसावून बसलेली माणसं. त्यांत साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या कितीतरी बायका. ज्यांनी दहावीत आलेखाचा प्रश्न पर्यायाला टाकला, त्यांनीही त्या रेषेकडे श्वास रोखून पाहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये अशाच एका रेषेने दगा दिला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. इतक्या माणसांनी एकत्र बसून गणित पाहिल्याची घटना आपल्या देशात तरी दुसरी नसावी. ऐन उतरण्याच्या वेळी पडद्याच्या अर्ध्या भागात जोहान्सबर्गहून पंतप्रधान दिसू लागले. ते कुणाला आवडलं, कुणाला खटकलं. मला विचाराल तर तेवढा वेळ सगळा पडदा त्या रेषेलाच द्यायला हवा होता.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट पडद्यावर आलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आली. या मोहिमेचे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल हे तमिळनाडूतल्या विळुपुरमचे, रेल्वेतल्या एका तंत्रज्ञाचे चिरंजीव. विळुपुरम हे जंक्शनचं गाव. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या कुठल्याही घराला ही गोष्ट परकी वाटणार नाही. वडिलांची पाळी, क्वार्टर, पास, आणि पोराने शिकावं म्हणून चाललेली ओढाताण. पंतप्रधान पंधरा फूट उंच दिसण्यापेक्षा हे क्वार्टर पडद्यावर दिसलं असतं, तर बोदवड आणि विळुपुरम यांच्यात त्या संध्याकाळी नातं जुळलं असतं. आपल्या पडद्यांची खोट इथे आहे. ते दिल्ली बोदवडला दाखवतात. पण बोदवड विळुपुरमला आणि विळुपुरम बोदवडला दाखवत नाहीत.

हे सुचायला खान्देशाबाहेर जायची गरज नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढत. जग मुलांपर्यंत आणायचं त्यांचं साधन काय, तर दौत, टाक आणि कागद. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली, तिचा गाभा एवढाच होता, की भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची घरं पाहावीत. राष्ट्राचं प्रेम वरून खाली झिरपत नाही, ते शेजारून शेजारी जातं, असा काहीसा तो हिशेब होता. गुरुजींच्या हाती आजचा पडदा दिला असता तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार करायला गंमत वाटते. बहुधा आधी रडले असते, आणि मग त्यावर ओडिशातल्या एखाद्या खेड्याची सकाळ लावली असती.

भाषेचंही तसंच. पडदा बहुधा हिंदीत बोलतो, अधूनमधून इंग्रजीत, आणि निवडणुका जवळ आल्या की मराठीत. त्याच्यासमोर बसलेली गर्दी मात्र तावडीत किंवा लेवा गणबोलीत बोलत असते. षटकार गेला की जो शब्द तोंडातून निघतो तो समालोचकाचा नसतो, आजीचा असतो. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा 'खान्देशी' म्हणून वेगळी नोंदवली गेली आहे. एवढ्या माणसांच्या बोलीतलं एक वाक्य कुठल्या मोठ्या पडद्यावर ऐकल्याचं कुणाला आठवतं का?

जगात इतरत्र काय घडलं, तेही पाहण्यासारखं आहे. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात दक्षिण कोरियाचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तेव्हा सोल शहरात नगरभवनासमोरच्या चौकात पडद्यांपुढे लाखो माणसं लाल सदरे घालून जमत. तो चौक तेव्हा नुसता मोटारींचा वळसा होता. सामने संपले, पण लोकांना आपण त्या जागी उभे राहिल्याची चव लागली होती. २००४ च्या मे महिन्यात मोटारी बाजूला सारून तिथे हिरवळीचं मैदान झालं. पडदा गेला आणि चौक राहिला! २००६ साली जर्मनीत तशीच स्पर्धा झाली. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी पडद्यांपुढे जमलेली तरुण मुलं राष्ट्रध्वज अंगाला गुंडाळून नाचत होती. हिटलरच्या आठवणीने साठ वर्षं झेंडा हातात धरताना संकोचणाऱ्या त्या देशात यावर महिनाभर चर्चा झाली. हा निरोगी आनंद आहे की जुन्या दुखण्याची सुरुवात, असं वडीलधारे एकमेकांना विचारत होते. आपल्याला हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण आपल्याला झेंडा हाती धरताना संकोचावं लागलं नाही; उलट तो धरला म्हणून लाठ्या खाल्ल्या.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहते ती मेलबर्नची गोष्ट. १३ फेब्रुवारी २००८ ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तिथल्या आदिवासींची माफी मागितली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मुलं सरकारने आईबापांपासून हिरावून नेली होती, त्याबद्दलची ही माफी. मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये मोठ्या पडद्यापुढे माणसं उभी राहून, रडत ती ऐकत होती. देश म्हणजे केवळ विजय नव्हे, चूक कबूल करणं हेही देशाचं काम आहे, हे त्या पडद्याने दाखवलं. मग विरोधी पक्षनेते ब्रेंडन नेल्सन बोलायला उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात पण-परंतु येऊ लागले, तशी जमलेल्यांतल्या अनेकांनी पडद्याकडे पाठ फिरवली. दगड नाही, घोषणा नाही. फक्त पाठ.

आपल्याकडे पडद्याला उत्तर द्यायची रीत वेगळी. १९९० च्या सुमारास प्रचाराचे 'व्हिडिओ रथ' आले. २०१४ च्या निवडणुकीत नेत्याची त्रिमितीय प्रतिमा एकाच वेळी अनेक सभांत उभी राहिली. १५ नोव्हेंबर २०२३ पासून विकसित भारत संकल्प यात्रेच्या पडदेवाल्या गाड्या ग्रामपंचायतींच्या दारी गेल्या. जुन्या प्रचाराच्या जीपचीच ही नवी पिढी. पण महाराष्ट्राने या पडद्याचा एक अफलातून उलटा उपयोगही पाहिला. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता गावोगावी सभा घेतल्या आणि सत्ताधाऱ्यांचीच जुनी भाषणं, जुन्या जाहिराती मोठ्या पडद्यावर लावून प्रश्न विचारले. 'लाव रे तो व्हिडिओ' हे वाक्य लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकू येऊ लागलं. लोकांनी गर्दी केली, पोट धरून हसले, आणि ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला दिल्या! २०२४ च्या गुढीपाडव्याला त्याच वक्त्याने त्याच पंतप्रधानांना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला, तेव्हा पडदा लावलेला नव्हता. सांगायचा मुद्दा हा, की मराठी माणूस पडद्यासमोर बसतो म्हणून पडद्याचा होत नाही. तो पाहतो, हसतो, आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करतो. पडद्याला घाबरणाऱ्यांनी आणि पडद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

देश पाहायला माणसं पडद्याशिवाय कशी जमत, तेही खान्देशाने पाहिलं आहे. तापी ओलांडून पलीकडे गेलं की फैजपूर लागतं. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरलं, ते इथे. गांधीजींचा तसा आग्रह होता. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबर कसली, साने गुरुजी प्रचारासाठी खेडोपाडी हिंडले. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया, टोपल्या असल्या गावच्याच वस्तूंतून 'टिळकनगर' सजवलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलजोड्या जुंपलेल्या रथातून आले. ध्वनिक्षेपक तेव्हा नवलाईचा होता. कराचीच्या १९३१ च्या अधिवेशनापासून काँग्रेसच्या मांडवात तो ऐकू येऊ लागला होता. बाकी सगळं डोळ्यांनी, कानांनी आणि पायांनी. अफाट गर्दीतल्या कितीकांना नेहरू बोटाएवढेच दिसले असतील.

आणि तिथे झेंडा अडकला. नेहरूंनी दोरी ओढली, झेंडा वर गेला आणि उंच खांबाच्या मध्येच अडकून बसला. वर जाईना, खाली येईना. हजारो माणसं माना वर करून पाहत होती. तेव्हा शिरपूरकडचा किसनसिंग नावाचा एक तरुण पुढे झाला, सरसर खांबावर चढला, त्याने दोरीचा गुंता सोडवला आणि झेंडा फडकला. हा प्रसंग आज घडला असता तर पडद्यावर आपल्याला तो फार जवळून दिसला असता. त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसला असता. फक्त एक शंका मनात येते. सगळ्यांना इतकं छान दिसत असताना, आपण चढून पाहावं असं गर्दीतल्या कुणाला वाटलं असतं का? सुरक्षेच्या कड्याने त्याला चढू दिलं असतं का, हा तर पुढचाच प्रश्न.

रात्री अकराच्या सुमारास कार्यक्रम संपतो. चौक रिकामा होतो, शेंगांची टरफलं आणि चहाचे कप उरतात. कधीकधी अशा वेळी पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहून जातं, एखादा झेंडा किंवा नकाशा. त्यातला एखादा चौकोन बंद पडलेला असतो आणि बरोबर तेवढ्या जागी काळं भोक दिसतं, मोठ्या नकाशावर तालुक्याएवढं. कार्यक्रम चालू असताना ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. कारागीर पडद्याच्या मागे जातो. इथे पूर्वीसारखी उलटी बाजू नाही, कुणी बसत नाही. नुसत्या तारा, पंखे आणि गरम हवा. तो एक पेटी उघडतो, एक पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवतो आणि मागूनच ओरडून विचारतो, "दिसतंय का?"

चहावाला कप गोळा करता करता वर पाहतो आणि म्हणतो, "अजून नाही."